मधली पाणंद

दाराच्या खिळ्याला अबोलीचा गजरा टांगलेला दिसला की समजायचं, शकूअक्का आत आहेत. बंगलोरच्या आमच्या संस्थेत मायक्रोस्कोपच्या खोलीबाहेर लाल दिवा होता, 'आत काम चालू आहे' अशी पाटी होती, वेळा लिहायला फळाही होता. पण त्या कशाकडे कुणी ढुंकून बघत नसे. गजरा असला तर दार हळू वाजवायचं, नसला तर सरळ आत घुसायचं. अक्का सकाळी बनशंकरीहून दोन बस बदलून यायच्या. निघताना देवळापाशी वीतभर अबोली घेऊन केसांत माळायच्या आणि इथे पोचल्या की काढून खिळ्याला अडकवायच्या, कारण फुलाचा एखादा कण भिंगावर पडला तर? दिवसभर गजरा बाहेर आणि बाई आत. संध्याकाळी तोच मलूल गजरा पुन्हा माळून घरी. मी एकदा म्हटलं, "अक्का, मग घ्यायचाच कशाला?" तर म्हणाल्या, "आप्पांना लांबनं बाकी काय दिसत नाही गं. तेवढा केशरी ठिपका दिसतो. तो फाटकातनं आत आला की त्यांना कळतं, पोरगी आली."

शकुंतला मगदूम हे त्यांचं पूर्ण नाव. गाव निपाणीजवळचं, शिक्षण बेळगावला बी.एस्सी.पर्यंत, लग्न केलं नाही, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी त्यांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मायक्रोस्कोपवर त्यांची जवळजवळ तीस वर्षं झाली होती. हुद्दा तांत्रिक सहायक. बुटक्या, काळ्यासावळ्या, बंगलोरच्या उन्हाळ्यातही स्वेटर घातलेल्या, कारण मशीनसाठी ती खोली बर्फासारखी गार ठेवावी लागे. गळ्यात काळ्या गोफात ओवलेलं एक छोटं भिंग, घड्याळजी वापरतात तसलं. मंगळसूत्राच्या जागी हे, असं त्या स्वतःच हसून सांगायच्या.

मी पुण्याहून पीएच.डी. करायला आलेली. वय चोवीस, आणि आपल्याला सगळं येतं याची पक्की खात्री. पुण्याहून येताना माणूस एवढं सामान बरोबर आणतोच.

माझं काम सांगायला सोपं होतं. मेंदूतल्या पेशींमध्ये दोन प्रथिनं असतात, ती मिळून काम करतात असा आमच्या सरांचा अंदाज होता. मिळून काम करायचं तर ती एकाच जागी बसलेली असणार. मग एकाला हिरवा रंग लावायचा, दुसऱ्याला लाल, आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. जिथे दोन्ही सापडतील तिथे कॉम्प्युटरच्या पडद्यावर पिवळा ठिपका उमटतो. मला तिसऱ्याच आठवड्यात पिवळं दिसलं आणि मी त्या अंधाऱ्या खोलीत अक्षरशः ओरडले.

"अय्यो, काय झालं?" अक्का मागून आल्या.

"मिळाली! दोन्ही एकत्र आहेत."

"एकत्र म्हणजे?"

"एकत्र म्हणजे एकत्र. पिवळं दिसतंय की."

अक्कांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चप्पल घाल, बाहेर ये." आणि मला दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत घेऊन गेल्या. खाली झाडाच्या सावलीला सरांची स्कूटर उभी होती. "सरळ खाली बघ. काय दिसतंय?"

"स्कूटर. तिच्या सीटवर कावळा."

"जा, हाकलून ये. घाण करील."

मी दोन जिने उतरून गेले. कावळा सीटवर नव्हताच. माझ्या डोक्याच्याही वर, मधल्या फांदीवर मजेत बसला होता. वर बघितलं तर अक्का कठड्याला टेकून उभ्या, चेहरा अगदी गंभीर. मी तणतणत वर आले. त्या एवढंच म्हणाल्या, "वरनं सगळंच जवळ दिसतं. कडेनं बघायला शिक." मला त्या बाईंचा इतका राग आला होता की दुपारचा चहासुद्धा मी त्यांच्याबरोबर घेतला नाही.

पण त्यांच्यावाचून गत्यंतर नव्हतं. मशीन त्यांच्या ताब्यात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रजिस्टर त्यांच्या ताब्यात. खोलीत एक जाडजूड, लाल कापडी पाठीचं रजिस्टर असे. प्रत्येक चित्राची नोंद त्यात करायची: तारीख, भिंग कुठलं, मशीनमधल्या भोकाचं माप किती. शेवटच्या रकान्याला अक्कांनी स्वतःच्या अक्षरात मथळा दिला होता, 'चतुःसीमा'. जमिनीच्या कागदात लिहितात तशी. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, कोण कुणाला लागून. बंगलोरातल्या संशोधन संस्थेत, जिथे मराठी वाचणारी माणसं आम्ही दोघीच, तिथे हा मथळा बघून मला हसू आवरेना. खाली इंग्रजीत अर्थ दिलेला होता, त्यामुळे तमिळ, मल्याळी, बंगाली सगळी पोरं मुकाट्याने चतुःसीमा लिहीत असत.

त्या रकान्यात वाटेल तो शब्द चालत नसे. दोन गोष्टी 'एकाच जागी' आहेत असं लिहायचं तर वरून, कडेने, सगळीकडून बघून लिहायचं. 'लागून' लिहायचं तर मध्ये काळा ठिपका कुठूनच दिसता कामा नये. मध्ये फट आहे, पण तिसरं काही मावणार नाही, तर 'शेजारी'. त्याहून लांब असेल तर 'आसपास', पण तो शब्द लिहिण्याआधी अक्कांना विचारायला यायचं, कारण त्यांच्या मते आळशी माणसाला आसपास फार आवडतं. एका मुलाने एकदा नुसतं 'जवळ' लिहिलं. अक्कांनी ते खोडलं आणि त्याला हाक मारली. "निपाणीला कोल्हापूर जवळ. बनशंकरीला जयनगर जवळ. तुझी पेशी केवढी, तिच्यात जवळ केवढं? मोजून आण." त्याला निपाणी कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण तो मोजून घेऊन आला. नोंद पटली की अक्का पानाखाली बारीक सही करायच्या. ती सही असल्याशिवाय सर कुठलंही चित्र हातात घेत नसत.

ही चतुःसीमा आली कुठून ते मला त्यांच्या घरी कळलं. बनशंकरीला भाड्याचं दोन खोल्यांचं घर होतं. रस्त्याच्या बाजूला खिडकी, बाहेर नारळाचं झाड, आत अक्का आणि त्यांचे वडील. रविवारी त्या मला जेवायला बोलवायच्या. ज्वारीची भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, आणि जेवताना "स्वल्प घे की अजून, मेधा, पुण्याला काय असलं मिळतं होय?" अशी चेष्टा. पुण्याला सगळं मिळतं असं मी म्हणायचे आणि तिसरी भाकरी घ्यायचे.

आप्पा दाराजवळच्या आरामखुर्चीत बसलेले असत. बेळगावचं मराठी वर्तमानपत्र त्यांना टपालाने यायचं, तीन दिवस शिळं. ते नाकापासून दोन बोटांवर धरून वाचायचे. नजर इतकी गेलेली होती की एका वेळी एक-दोन शब्दच दिसत. शब्दागणिक कागद थोडा सरकवायचे, ओळ संपली की पुन्हा मागे, मग पुढची ओळ. एक पान संपायला सकाळ जायची. त्यांना कुणी वाचून दाखवलेलं खपत नसे. "बातमी काय पळून जात्येय?" म्हणायचे. आणि रोज संध्याकाळी अक्का घरात शिरल्या की त्यांचा प्रश्न ठरलेला, "काय बघितलंस आज?" मग स्वयंपाक करता करता अक्का सांगायच्या. कुणाच्या पेशीत काय दिसलं, कुठे दिसलं, कशाच्या शेजारी. आप्पा मध्येच अडवून विचारायचे, "लागून का शेजारी?" मी थक्क व्हायचे.

आप्पा भूमापन खात्यात मोजणीदार होते. चिकोडी तालुक्यातली शेकडो शेतं त्यांनी साखळी टाकून मोजलेली. एका रविवारी, अक्का आत भांडी आवरत होत्या तेव्हा, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मी विचारलं नव्हतं. बहुधा प्रत्येक नव्या माणसाला ते ती एकदा सांगत असावेत.

"दोन शेतं होती. मध्ये पाणंद. पाणंद म्हणजे माहीत आहे ना? गाडीवाट. मागच्या शेताला यायला-जायला तेवढी एकच वाट. त्या साली घाणेरीची झुडपं इतकी माजलेली की वाट दिसायचीच नाही. वैशाखाचं ऊन. मी बांधावर उभा राहिलो, वरनंच बघितलं आणि लिहिलं, पूर्वेस अमक्याचं शेत, लागून. साहेबांनी सही केली. पुढच्या वर्षी पुढच्या शेतवाल्यानं कागद दाखवून वाट नांगरून टाकली."

"मग?"

"मागचं शेत एका विधवा बाईचं. तंबाखूचे भारे डोक्यावरनं ओढ्याच्या काठानं नेत होती, वर्षानुवर्षं. एकदा बाजारात भेटली. म्हणाली, 'अण्णा, वाट होती ते तुम्हाला ठावं होतं नव्हं?' मी म्हटलं, साहेबांची सही झालीय." आप्पांनी मांडीवरचं वर्तमानपत्र बाजूला सारलं. "एक अर्ज केला असता तर झालं असतं. बढती तोंडावर होती. केला नाही. दिसत होतं तेव्हा बघितलं नाही, आणि कळलं तेव्हा बोललो नाही."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मी उगाच वर्तमानपत्राची घडी नीट करत बसले.

तीन वर्षांत माझ्याकडे ढीगभर पिवळी चित्रं जमली. सरांनी शोधनिबंध लिहायला घेतला. दोन्ही प्रथिनं एकाच जागी आहेत, हा त्यातला मुख्य दावा. 'को-लोकलायझेशन' हा भारदस्त शब्द तेव्हा आमच्याकडे नुकताच आला होता आणि सर तो फार प्रेमाने उच्चारायचे. निबंध मोठ्या परदेशी नियतकालिकाकडे जाणार होता. एका सकाळी सरांनी आम्हा दोघींना बोलावलं आणि सांगितलं की लेखकांत तिसरं नाव शकुंतलांचं असेल.

हे काय होतं ते सांगायला हवं. तीस वर्षांत अक्कांनी काढलेली चित्रं कितीतरी निबंधांत छापली गेली होती. त्यांचं नाव दर वेळी शेवटच्या पानावर, आभाराच्या बारीक अक्षरात, वीजजोडणी करणाऱ्यांच्या आणि प्राणिगृहाच्या माणसांच्या ओळीत. काही निबंधांत तेवढंही नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. अक्का सरांना कन्नडमध्ये फक्त "सरी, सर", म्हणजे बरं सर, एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. थोड्या वेळाने मी मायक्रोस्कोपच्या खोलीत गेले, तर गजरा केसांतच होता. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या तो काढायला विसरल्या होत्या. मशीन बंद, दिवे बंद, आणि बाई स्टुलावर बसून पदराने डोळे पुसत होत्या.

आप्पांनी तर गल्ली डोक्यावर घेतली. मी रविवारी गेले तर मला बसूही दिलं नाही. "नाव कसं छापणार? पूर्ण?"

"नाही आप्पा. एस. ए. मगदूम."

"त्यातला ए म्हणजे मी," आप्पा म्हणाले. आप्पासाहेब हे त्यांचं नाव. "माझं नाव एका मोजणीच्या कागदावर आहे ते आहेच. आता हे दुसरं होऊ दे. केवढं अक्षर असतंय? मला दिसेल न्हवं?"

"मी मोठं करून आणीन," मी म्हटलं.

"नको, नको. जसं आहे तसं आण. मी वाचतो की." त्यांनी निबंध ठेवायला प्लास्टिकची एक फाइलही आणून ठेवली होती. रिकामी फाइल खुर्चीच्या हाताला अडकवलेली असे.

निबंधाची अंतिम चित्रं तयार करायचं काम अक्कांकडे होतं. त्यासाठी त्यांनी रजिस्टर पहिल्यापासून चाळलं, आणि तिथे माझी चूक त्यांच्या हाती लागली.

ती चूक अशी. आमच्या मशीनमध्ये एक बारीक भोक असतं, ते लहानमोठं करता येतं. लहान ठेवलं तर पेशीचा अगदी पातळ काप दिसतो, काकडीच्या चकतीसारखा, पण चित्र अंधूक येतं. मोठं केलं की चित्र झगझगीत, पण वरचा-खालचा सगळा उजेड आत येतो आणि अख्खी काकडी एकदम दिसते. वर काय, खाली काय, कळत नाही. माझी चित्रं अंधूक येत होती, म्हणून मी भोक मोठं केलं. ती इतकी सुंदर दिसायला लागली की मी ते पुन्हा लहान केलंच नाही. माप रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, इमानदारीत, प्रत्येक पानावर. फक्त त्याचा अर्थ काय याचा विचार केला नाही, आणि कडेने न बघताच 'एकाच जागी' लिहीत गेले. आणि प्रत्येक पानाखाली अक्कांची सही होती. मी भोक मोठं केलं त्या वर्षी आप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, त्या धावपळीत त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता.

शनिवारी सगळे गेल्यावर अक्कांनी माझ्याच पेशी घेतल्या, भोक लहान केलं आणि कडेने चित्र काढलं. सोमवारी सकाळी मला हाक मारली. "बस. बघ."

पडद्यावर वर लाल रेघ होती, खाली हिरवी. आणि दोन्हींच्या मध्ये, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळी पट्टी.

"हे काय?" मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं.

"पाणंद," अक्का म्हणाल्या.

त्यानंतर मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "अक्का, नियतकालिकाने कडेचं चित्र मागितलेलंच नाही. कुणाला कळणार आहे?"

"मी बघितलं की."

"अहो, पण निबंध जाईल. माझी तीन वर्षं जातील. तुमचं नाव जाईल!"

अक्का गळ्यातलं भिंग उगाच पदराने पुसत राहिल्या. "जाईल," त्या म्हणाल्या. "चूक तुझी एकटीची नाही. प्रत्येक पानावर माझी सही आहे. सरांना तू सांगतेस का मी सांगू?"

"तुम्ही," मी म्हटलं. एवढीच माझी हिंमत.

सरांच्या खोलीत मी दाराशी उभी होते. त्या काळी निबंध टपालाने जायचा. तीन प्रती आणि चित्रांचे गुळगुळीत प्रिंट, जाड पाकिटात बंद होऊन टेबलावर तयार होते. अक्कांनी पाकिटाशेजारी कडेचं चित्र ठेवलं आणि कन्नड-इंग्रजी मिसळून, हळू आवाजात सगळं सांगितलं. माझं नाव एकदाही घेतलं नाही. 'आम्ही' म्हणाल्या. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चित्र खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, दावा थोडा सैल करू या. एकाच जागी नको म्हणू या, 'निकट संबंध' म्हणू या. ते कुणी खोटं ठरवू शकणार नाही.

"सर," अक्का म्हणाल्या, "हा शब्द कुणाच्याही शेतात शिरतो."

सरांना शेताचं काही कळलं नाही, पण त्या ऐकणार नाहीत हे कळलं. त्यांनी कपाळ चोळलं. म्हणाले, "शकुंतला, मोठ्या नियतकालिकात मग हे जाणार नाही. नव्याने सगळं करायचं तर दोन वर्षं. तोवर तुम्ही इथे नसाल, आणि तेव्हा तुमचं नाव घालायला ऑफिस काय म्हणेल ते मला आज सांगता येत नाही. तुमच्या लक्षात येतंय ना?"

"येतंय, सर," त्या म्हणाल्या. सरांनी पाकीट उचललं आणि खणात टाकलं.

मी आठ दिवस अक्कांशी बोलले नाही. किती बालिश! माझी चूक, आणि राग त्यांच्यावर. त्यांनी काही मनावर घेतलं नाही. रोज दुपारी माझ्या टेबलावर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवलेली असायची. नवव्या दिवशी मी ती पुडी घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "भोक किती ठेवू?" त्या म्हणाल्या, "ये. सांगते."

त्यानंतर बनशंकरीला जायचं मला धाडस होईना. गेले तेव्हा महिना उलटला होता. अक्का दुकानात गेल्या होत्या. आप्पा खुर्चीत, फाइल जागच्या जागी. मी फाइलकडे बघतेय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. म्हणाले, "पोरीनं सांगितलं मला. त्याच सोमवारी. मी विचारलं, मग नावाचं काय? म्हणाली, राहिलं."

मी खाली मान घातली.

"मी म्हटलं, पाणंद होती न्हवं मध्ये? म्हणाली, होती आप्पा. मी स्वतः बघितली." आप्पांनी खुर्चीचा हात दोनदा थोपटला. "मग बरं केलंस म्हटलं. त्या रात्री झोप चांगली लागली मला." थोड्या वेळाने म्हणाले, "पण फाइल असू दे. दुसरं लिहाल की."

दुसरं लिहायला सरांचा दोन वर्षांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. सगळ्या पेशी नव्याने, सगळी चित्रं नव्याने, प्रत्येक वेळी कडेने. अक्का शेजारी स्टूल घेऊन बसायच्या. त्या काळात त्या माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. फक्त "काय करायलीस? घाई कशाला?" एवढंच.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी खिळा मोकळा दिसला. दुसऱ्या दिवशीही. आप्पा झोपेतच गेले होते. आम्ही सगळे भेटून आलो. तेरा दिवस खिळा मोकळा होता. चौदाव्या दिवशी अक्का आल्या, मशीन चालू केलं, नेहमीची तपासणी केली आणि मला म्हणाल्या, "काल कुठवर आली होतीस?" खिळा मात्र मोकळाच राहिला. अबोली घेणं त्यांनी सोडलं होतं. आता त्या आत आहेत की नाहीत ते दार उघडल्याशिवाय कळायचं नाही, आणि प्रत्येक वेळी दार उघडताना मला वाईट वाटायचं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. त्यांनी लाल रजिस्टर माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "सही करायच्या आधी भोकाचं माप बघत जा. मी चुकले, तू चुकू नको." मी आज अशीच एक खोली सांभाळते. पोरं मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

निबंध छापून आला तो अक्का निवृत्त झाल्यावर पाच महिन्यांनी, एका साध्या, फारसं कुणी न वाचणाऱ्या नियतकालिकात. दोन्ही प्रथिनं शेजारी आहेत, लागून नाहीत, मध्ये एवढी एवढी जागा आहे, असं त्यात सरळ लिहिलं होतं. ऑफिसने खळखळ केली, पण सर हटले नाहीत. तिसरं नाव एस. ए. मगदूम.

मी छापील प्रत घेऊन बनशंकरीला गेले. अक्का केस धुऊन बसल्या होत्या. प्रत हातात घेतली, पहिलं पान न बघताच उलटलं आणि थेट चित्र काढलं. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. "पट्टी कुठाय?" मोजमापाची पट्टी चित्राच्या कोपऱ्यात होती. मग चित्राखालचा मजकूर सावकाश वाचला. 'शेजारी' या अर्थाच्या शब्दावर बोट ठेवलं आणि मान हलवली. "सरी. बरोबर आहे."

"अक्का, पहिल्या पानावर नाव तरी बघा!"

"बघते की. घाई काय? चहा घे आधी."

चहा झाला, चिवडा झाला, माझ्या लग्नाची चौकशी झाली. प्रत टेबलावर तशीच पडून. मला वाटलं, यांना आता त्या नावाचं काहीच वाटत नाही. खरं सांगते, मला थोडं लागलंच. मी निघाले, फाटकाबाहेर रिक्षा थांबवली, आणि पाय ठेवता ठेवता सहज मागे बघितलं. खिडकी उघडी होती. आतली भिंत मला कडेने दिसत होती.

अक्का आप्पांच्या तसबिरीसमोर उभ्या होत्या. खुर्चीच्या हातावरची रिकामी फाइल त्यांनी काखेत धरली होती. निबंधाचं पहिलं पान दोन्ही हातांनी तसबिरीपुढे धरलेलं, नावाची ओळ डोळ्यांसमोर येईल असं, काचेपासून बरोबर दोन बोटांवर. काचेला ते टेकत नव्हतं. मग त्यांनी कागद हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकवायला सुरुवात केली. एक शब्द. थांबल्या. मग पुढचा.

रिक्षावाला निघायच्या घाईत "होगोणा मॅडम?" म्हणाला. मी त्याला हातानेच थांबवलं. तिसऱ्या नावापर्यंत पोचायला अजून वेळ होता. आप्पा सावकाश वाचायचे.